झडपांचं छप्पर

घरात तिला सगळे भिंगरी म्हणायचे. लहानपणी ती जेवता जेवता उठून दारापर्यंत जाऊन यायची आणि मगच पुढचा घास घ्यायची, तेव्हापासूनचं ते नाव. आता चाळिशी उलटली, केसांत पांढरं डोकावायला लागलं, चार लोक नकाशे घेऊन सल्ला विचारायला येतात, तरी ना नाव सुटलं ना सवय. फोनवर बोलताना ती घरभर फिरते. काही विचार करायचा असला की आधी चपला शोधते.

तिचा धंदा काय, असं कुणी विचारलं तर सांगायला जरा वेळ लागतो. कुठं इमारत पडायला निघाली की ही तिथं हजर. पाडकाम करणाऱ्या मुकादमाशी गोड बोलून, नाही जमलं तर भांडून, दारं, खिडक्या, कठडे, पत्रे, पाण्याचे जुने पाइप धड उतरवून घ्यायचे आणि त्यातून लोकांना बसायला सावली उभी करायची. बाजाराच्या कडेला, शाळेच्या फाटकाबाहेर, बसची वाट बघत माणसं तापतात तिथं. नवं सामान ती घेत नाही. लोकांना वाटतं हे मोठं तत्त्व आहे. तसं काही नाही. नव्या लाकडानं अजून काहीच बघितलेलं नसतं, त्यामुळं त्याच्याशी काय बोलावं ते कळत नाही, असं तिचं म्हणणं. माणूस जरा विक्षिप्तच.

पण सरकारी दवाखान्याच्या आवारातलं छप्पर तिनं हौसेनं हाती घेतलेलं नव्हतं. तिथं तिचं घोडं दोन वर्षं अडलेलं होतं.

दवाखान्याचा नियम असा की दुपारी वॉर्डातून सगळ्या नातेवाइकांनी बाहेर पडायचं. पहारेकरी कॉरिडॉरमधून शिट्टी वाजवत जायचा, म्हणून त्याचं नाव शिट्टीमामा. शिट्टी झाली की उशा, पाण्याच्या बाटल्या, डबे घेऊन सगळी माणसं आवारात यायची आणि संध्याकाळपर्यंत तिथंच. आवार म्हणजे नुसती फरशी. एक झाड नाही. दुपारी ऊन मी म्हणायचं, आणि माणसं जिकडे सावली दिसेल तिकडे पांगायची. कुणी जनरेटरच्या मागच्या बोळात, कुणी भिंतीपलीकडे, कुणी रस्ता ओलांडून चहाच्या टपरीत. मग आतून नर्स येऊन एखाद्याला हाका मारायची तेव्हा तो सापडायचा नाही.

तिचे बाबा असेच सापडले नव्हते. आई आत होती, बाबा चहाला गेले होते, आणि ते परत आले तेव्हा सगळं उरकलेलं होतं.

त्यानंतर बाबांनी हत्यारं पोत्यात बांधून माळ्यावर टाकली. हयातभर सुतारकाम केलेला माणूस, पण शेजाऱ्याच्या दाराची कडी निखळली तरी म्हणायचे, "माझा हात गेला आता. दुसरा कुणीतरी बघा." दिवसभर खिडकीपाशी खुर्चीत. जेवण समोर ठेवलं तर जेवायचे, नाही ठेवलं तर मागायचे नाहीत. भिंगरी त्यांच्याभोवती येरझारा घालायची आणि ते म्हणायचे, "बस गं एका जागी, मला गरगरतं."

दवाखान्याच्या मोठ्या बाईंनी एकदाची परवानगी दिली तेव्हा भिंगरीनं घरी येऊन चपला काढायच्या आत सांगितलं, "बाबा, सुतार मिळत नाहीये. चांगला तर मुळीच नाही. तुम्ही या."

"तिथं?" बाबा म्हणाले.

"तिथंच."

बाबांनी खिडकीचा पडदा ओढून घेतला. मग म्हणाले, "सकाळी येईन. शिट्टीच्या आत निघेन."

तेवढ्यावर सौदा पटला.

सामान फार देखणं मिळालं होतं. एक जुनं हॉटेल पडत होतं, त्याच्या खिडक्यांना लाकडी झडपा होत्या, तिरक्या पट्ट्यांच्या. बाहेर बघता येतं पण आत ऊन येत नाही, अशा. भिंगरीनं त्या सगळ्या उतरवून आणल्या. तिचा वेल्डर, ज्याला सगळे ठिणगी म्हणायचे, त्यानं त्याच हॉटेलच्या पाण्याच्या पाइपांचा सांगाडा उभा केला. त्यावर झडपा आडव्या टाकायच्या, की झालं छप्पर. युक्ती सगळी पट्ट्यांच्या तिरपेत होती. दुपारचं ऊन मावळतीकडून येतं. पट्ट्या त्याच्या आड आल्या पाहिजेत, म्हणजे खाली गडद सावली पडते आणि वारा मात्र खेळतो. पट्ट्यांची तिरप उलट झाली तर ऊन सरळ त्यांच्या फटींतून खाली. तिनं नकाशावर प्रत्येक झडपेचं डोकं कुठं आणि पाय कुठं, वरची बाजू कुठली, हे नीट काढून दिलं आणि नेमकी त्या आठवड्यात दुसऱ्या गावच्या कामाला गेली.

परत आली ती सकाळची. छप्पर तयार होतं. बाबा खाली उभे होते, हातात पॉलिशचं फडकं, आणि चेहऱ्यावर कित्येक दिवसांनी काहीतरी उमटलेलं. "बघ," ते म्हणाले. ती छपराखाली गेली. सावली अशी दाट पडली होती की तिला गार वाटलं. वर बघितलं तर झडपांची हिरव्या रंगाची, नक्षीची बाजू दिसत होती. हॉटेल उभं होतं तेव्हा ही बाजू रस्त्याकडे असायची. तिनं बाबांना मिठीच मारली. तिच्या नकाशात नक्षीची बाजू वर, आभाळाकडे होती, हे त्या क्षणी तिच्या लक्षातही आलं नाही.

लक्षात आलं दुपारी. शिट्टी झाली, बाबा आधीच निघून गेलेले, माणसं हुश्श करत छपराखाली येऊन बसली आणि हळूहळू सगळ्यांच्या अंगावर उन्हाचे पट्टे चढायला लागले. एक बाई सरकून बसली. पट्टे तिच्या मागोमाग गेले. थोड्या वेळानं माणसं एकेक करून उठली आणि जनरेटरच्या बोळाकडे चालू लागली. भिंगरी बाकावर चढून वर बघत राहिली. बाबांनी प्रत्येक झडपेचं डोकं नकाशाप्रमाणं बरोबर त्याच टोकाला ठेवलं होतं, पण झडप पालथी घातली होती. नक्षी खाली यावी म्हणून. त्याबरोबर सगळ्या पट्ट्यांची तिरप उलटी झाली होती. सकाळचं ऊन अडत होतं, ज्या वेळी तिथं कुणीच नसतं, आणि दुपारचं आत येत होतं. आणि बाबा तर फक्त सकाळीच तिथं असायचे.

"ताई," ठिणगी म्हणाला, "काकांनी उलट्या टाकल्या की हो."

"एक अक्षर बोललास तर बघ."

"मी कशाला बोलतोय? पण सांगावं तर लागेल."

"मी बघते."

बघते म्हणाली खरी. संध्याकाळी घरी गेली तर बाबा दारातच उभे. दार उघडायला उठून आले होते, म्हणजे बघा. "काय गं, बसले का लोक? किती होते?"

भिंगरीनं तोंड उघडलं. वाक्य तयार होतं, रस्ताभर घोकत आली होती. पण बाबांचे ते वाट बघणारे डोळे समोर आले आणि तिच्या तोंडून निघालं, "भरगच्च!"

बाबा हसले. "मग? काय म्हणत होते?"

आता एकदा थाप मारली की ती एकटी राहत नाही, तिला भावंडं लागतात. भिंगरी एका म्हाताऱ्या जोडप्याबद्दल सांगू लागली. दोघांत एकच उशी, ती कुणी घ्यायची यावरून त्यांचं भांडण. मग एक बाई, वर बघत नक्षीतली फुलं मोजत बसलेली. मग एक गडी, तोंड उघडं टाकून घोरणारा, त्याच्या तोंडात माशी जाते की काय म्हणून सगळे टक लावून बघतायत. बाबा पोट धरून हसले. त्या रात्री दोन घास जास्त जेवले.

दुसऱ्या दिवशी भिंगरीनं छपरावर जुन्या जाहिरातीचं जाड कापड टाकलं. वरून टाकलं म्हणजे बाबांना दिसणार नाही, अशी तिची अक्कल. तिसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी ते ओढून काढलं. काम संपलं होतं तरी ते रोज सकाळी जायचेच. इथं घासपेपर मार, तिथं मेण लाव, चालू होतं.

"फडकं कशाला टाकलंस झडपांवर?"

"कबुतरं घाण करतात बाबा."

"करू देत. मी पुसेन."

तिनं मग बाक हलवले. पट्टे हलले. तिनं मावळतीच्या बाजूला एक जुनं दार आडवं बांधलं. बाबांनी ते सोडून ठेवलं, म्हणाले वारा अडतो. ठिणगी हे सगळं बघत होता आणि मूग गिळून गप्प बसणं त्याला काही जन्मात जमलेलं नव्हतं. तो रोज तिला म्हणायचा, "ताई, आज सांगताय ना?" आणि ती रोज म्हणायची, "आज." मग दवाखान्यापासून घरापर्यंतचा रस्ता ती दोनदा चालायची. घर आलं की वळायची, कोपऱ्यावर जाऊन परत यायची. शेजारच्या काकूंनी एकदा विचारलंसुद्धा, काही हरवलंय का म्हणून.

इकडे घरी थापांना फळं लागत होती. छप्पर बाबांनी ठिणगीच्याच हत्यारांवर केलं होतं; आता माळ्यावरून स्वतःचं पोतं खाली काढलं. रंध्याला धार लावली. शेजाऱ्याची कडी बसवून दिली, वर त्याच्या टेबलाचा डुगडुगणारा पायही. दाढी रोज करायला लागले. संध्याकाळी भिंगरी आली की तिच्या हातात पाणी द्यायच्या आधी विचारायचे, "आज काय? ते उशीवाले आले होते?" आणि ती उशीवाल्यांना आणायची. म्हाताऱ्यानं आज म्हातारीला उशी दिली म्हणायची. बाबा मान डोलवायचे. सांगता सांगता तिला ती माणसं दिसायला लागली होती. पण दिवा मालवून आडवं झालं की तेच छप्पर डोळ्यांपुढं यायचं, खाली कुणीही नसलेलं.

आणखी एक गोष्ट होती, ती तिनं कुणापाशी बोलून दाखवली नव्हती. आई गेली त्या सकाळी डॉक्टरांनी तिला एकटीला बाजूला घेतलं होतं. त्यांनी जे सांगितलं ते तिनं बाबांना सांगितलं नाही. सांगून तरी काय झालं असतं, असं ती स्वतःला बजावायची आणि लगेच उठून दुसऱ्या खोलीत जायची.

मग एका दुपारी नर्स बाहेर आली. हातात कागद. छपराखाली बघितलं, तिथं चिटपाखरू नाही. तिनं हाका मारल्या. शिट्टीमामानं मारल्या. भिंगरी ठिणगीबरोबर मागच्या भिंतीपाशी पुढच्या कामाचे पाइप कापत होती. तिनं ते ऐकलं. हातातलं टाकून ती धावली, बोळात बघितलं, भिंतीपलीकडे बघितलं, रस्ता ओलांडताना एका रिक्षावाल्याच्या शिव्या खाल्ल्या आणि टपरीत शिरून ओरडली. एक माणूस घाबरून उभा राहिला. त्याच्या हातातला चहा सांडला. तो धावत आत गेला. काही विशेष नव्हतं, त्याच्या मुलीला घरी सोडत होते आणि सही हवी होती. बाहेर आला तेव्हा तो हसत होता. पण भिंगरी टपरीच्या बाकावर बसून राहिली. बसून राहिली, भिंगरी! यावरून काय ते समजा.

आज सांगायचंच, असं ठरवून ती घरी आली. या वेळी कोपऱ्यावरून परत फिरली नाही. दार उघडून म्हणाली, "बाबा, मला जरा बोलायचंय."

"मलाही," बाबा म्हणाले. "उद्या सकाळी नाही, दुपारी येतो मी."

"कुठं?"

"कुठं काय, छपराखाली. मी ठरवलंय. ती शिट्टी मला सोसत नाही, खरं आहे. पण तू रोज एवढं सांगतेस, तर म्हटलं आपणही जाऊन बसावं त्या माणसांत. त्या म्हाताऱ्याला भेटायचंय मला." बोलता बोलता त्यांनी कपाटातून इस्त्रीचा सदरा काढून खुर्चीच्या पाठीवर टाकला. "हां, तू काय म्हणत होतीस?"

"काही नाही," भिंगरी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी उजाडताच ती ठिणगीला उठवायला त्याच्या घरी. "सगळ्या काढायच्या. बाबा यायच्या आत सगळ्या उलटून टाकायच्या."

"ताई, तुमचं डोकं ठिकाणावर आहे का? दिवसभराचं काम आहे. आणि नक्षी वर जाईल, काकांना लगेच कळेल."

"चल रे तू!"

गेले. शिडी दुसऱ्या कामावर अडकलेली, ती आणून लावेपर्यंत दुपार होत आली. स्क्रू बाबांनी घट्ट पिळलेले, हात गेलेल्या माणसानं. एकेक सोडवायला घाम फुटत होता. त्यात बाबांनी हरेक स्क्रूच्या तोंडावर मेण भरून ठेवलेलं, ते आधी खरवडायचं. मावळतीच्या कडेची एकच झडप निघाली तोवर आत शिट्टी वाजली. माणसं बाहेर आली, छपराकडे बघून न बघितल्यासारखं केलं आणि सवयीनं बोळाकडे वळली. आणि त्यांच्या मागून, फाटकातून, इस्त्रीचा सदरा घातलेले बाबा आत आले.

शिट्टी अजून वाजत होती. बाबा ती संपेपर्यंत फाटकापाशी थांबले. मग छपरापाशी आले. रिकामे बाक बघितले. बोळाकडे जाणारी माणसांची रांग बघितली. जमिनीवर उतरवून ठेवलेली झडप बघितली. मग मधल्या बाकावर बसले. उन्हाचे पट्टे त्यांच्या सदऱ्यावर, चेहऱ्यावर, गुडघ्यांवर पडले. त्यांनी हात पुढं केला आणि तळव्यावरचे पट्टे बघत राहिले. वर बघितलं, परत हाताकडे बघितलं.

ठिणगी "मी पाणी आणतो" म्हणून सटकला.

"भरगच्च," बाबा म्हणाले.

"बाबा, मी..."

"उशीवाले कुठायत?"

भिंगरीनं हातातला स्क्रूड्रायव्हर बाकावर ठेवला.

"नाहीतच?"

"नाहीत."

"मी पालथ्या टाकल्या. नक्षी दिसावी म्हणून. इथं बसलेला माणूस दुसरीकडे कुठं बघणार, वरच बघतो. तुझी आई आत होती तेव्हा मीही वरच बघत होतो, नुसतं पांढरं आभाळ." त्यांनी हात खाली घेतला. "तुला कधी कळलं?"

"पहिल्याच दुपारी."

"आणि मला रोज गोष्टी सांगत होतीस."

"तुम्ही पुन्हा खुर्चीत जाऊन बसला असतात!" भिंगरीचा आवाज चढला. इतक्या दिवसांचं साठलेलं, ते असं रागासारखं बाहेर आलं. "हात गेला म्हणाला असतात. हत्यारं पुन्हा माळ्यावर टाकली असतीत. किती दिवसांनी तुम्ही हसत होतात, बाबा. मी कशी सांगणार होते?"

"चुकलं म्हणून सांगायचं. मी आयुष्यात काय चुकलेली कामं कमी उतरवलीत? एका मोठ्या मालकाचा जिना उलटा लावला होता, तुझी आई आठवडाभर हसत होती. चुकलं तर उतरवायचं आणि परत लावायचं, त्यात काय मरण आहे?"

"मला हे छप्पर तुमच्यासाठी करायचं होतं," ती म्हणाली. ती आता बाकाभोवती फिरत होती, थांबणं तिला शक्यच नव्हतं. "त्या दिवशी इथं सावली असती तर तुम्ही टपरीवर गेलाच नसतात. इथंच असतात. तुम्हाला हाक ऐकू आली असती."

बाबांनी तिच्याकडे बघितलं.

"मी उन्हामुळं गेलो नव्हतो," ते म्हणाले. "मी ऊन काय नवीन बघत होतो? मी तुला विचारलं होतं. तू वॉर्डातून बाहेर आलीस, मी म्हटलं कशी आहे गं ती? तू म्हणालीस, बरी आहे बाबा, आज तर खूपच बरी आहे, तुम्ही जा चहा पिऊन या. म्हणून मी गेलो."

भिंगरी होती तिथंच थांबली.

तिला वाटलं होतं, हे बाबांना आठवतसुद्धा नसेल. चहा तिनंच सुचवला होता. त्यांच्यासमोर रडू येईल म्हणून त्यांना तिथून घालवलं होतं तिनं. आणि मग नकाशे काढत, परवानग्यांसाठी खेटे घालत ती स्वतःला आणि जगाला सांगत राहिली की सगळा दोष उन्हाचा.

"डॉक्टरांनी मला सकाळीच सांगितलं होतं," ती म्हणाली.

"ते मला कळलं. नंतर कळलं, तुझ्या तोंडाकडे बघून." बाबांचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. "मी कधी विचारलं नाही, कारण तुलाच त्रास झाला असता. बघ, मीही तेच केलं. पण आता पुरे. मला बरं वाटावं म्हणून मला काही सांगू नकोस. मला जे आहे ते सांग. माझं चुकलं तर चुकलं म्हण, कुणी मरत असेल तर मरतंय म्हण. मला तिथं असायचं होतं गं."

भिंगरी बाबांच्या शेजारी बसली आणि रडली. पट्टे दोघांच्याही अंगावर होते. बाबांनी तिच्या पाठीवर हात ठेवला, जरा वेळ ठेवला आणि मग गुडघ्यांवर जोर देत उठले.

त्यांनी जमिनीवरची झडप उचलून उन्हात आडवी धरली, नक्षी खाली. फरशीवर पट्टे पडले. त्यांनी ती तशीच धरून गोल फिरवली, डोक्याकडचं टोक पायाकडे आणलं. पट्टे बारीक होत गेले आणि मिटले. फरशीवर अख्ख्या झडपेची चौकोनी सावली पडली.

"उलटायला कशाला निघाला होतात?" ते म्हणाले. "नुसती फिरवली की झालं. नक्षी खाली ती खालीच."

भिंगरी डोळे पुसत बघत राहिली. इतके दिवस ती कापडं टाकत होती, बाक ओढत होती, दारं बांधत होती. सांगितलं असतं तर पहिल्याच संध्याकाळी, जेवता जेवता हे सुचलं असतं दोघांना.

"शिडी धर," बाबा म्हणाले.

"ठिणगीला येऊ दे, तो चढेल."

"तू खरं सांग, मी पडेन असं वाटतंय का तुला?"

तिनं त्यांच्याकडे नीट बघितलं. हात थरथरत होते, थोडेसे. पाय ठाम होते. "हात थरथरतायत," ती म्हणाली. "पडाल असं नाही वाटत. पण मला भीती वाटते."

"चालेल. घट्ट धर मग."

बाबा चढले. तिनं खालून झडप वर दिली, त्यांनी ती फिरवून सांगाड्यात बसवली आणि एक स्क्रू नुसता टेकवला. बोळाच्या तोंडाशी दोन बायका येऊन उभ्या राहिल्या होत्या, हा काय प्रकार म्हणून बघत. शिट्टीमामाही खांबाला टेकून उभा होता.

"आली का सावली?" बाबांनी वरून विचारलं.

भिंगरीनं खाली बघितलं. फरशीवर सावली पडली होती, चांगली दाट. पण झडप सांगाड्यात जराशी तिरकी बसली होती आणि कडेनं बोटभर ऊन आत येत होतं. एवढं तर कुणाच्या ध्यानातही आलं नसतं. आली, बाबा, मस्त आली, हे शब्द तिच्या ओठांवर सवयीनं येऊन उभे होते.

"नाही," ती म्हणाली.

वर करकर आवाज झाला. "आता?"

"नाही, बाबा. अजून ऊन येतंय."

"बरं," बाबा म्हणाले, आणि त्यांनी स्क्रू पुन्हा सैल केला.